दुकानामागचा वाडा

गेल्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात वह्या घ्यायला गेलो होतो. दुकानाचं काम काढलं होतं. भिंतींवरचं जुनं सनमायका उतरवलेलं, फॉल्स सीलिंग काढलेलं, वह्यांचे गठ्ठे मधोमध रचून त्यावर प्लास्टिक टाकलेलं. सनमायकाच्या आतून एक सागवानी खांब बाहेर आला होता. खाली दगडी तळखडा, बुडाशी भरीव आणि वर निमुळता होत गेलेला सुरूच्या झाडासारखा घाट, आणि तुळईला, म्हणजे वरच्या आडव्या जाड लाकडाला, खालून आधार देणारा कोरीव हस्त. चाळीस वर्षं मी त्या दुकानात जातो. तो खांब मला कधी दिसला नव्हता. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. भाऊ म्हणाले, "वडिलांनी गुंडाळून घेतला तेव्हा मी शाळेत होतो. मीच विसरलो होतो." तेवढ्यात सुतार म्हणाला, "शेठ, हा मधला काढून टाकू का? गर्डर टाकला की सगळं मोकळं. गिऱ्हाइकाला आड येतो." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा सर, ठेवायचा का काढायचा?"

मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. वह्या घेऊन निघालो, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण तो एका खांबाचा नव्हताच. लक्ष्मी रस्ता, बुधवार पेठ, रविवार पेठ, बोहरी आळी, सगळीकडे हाच प्रश्न एकेका गाळ्यात रोज सुटतो आहे, आणि बहुतेक वेळा सुतारच तो सोडवतो आहे.

पेठांविषयी बोलताना एक हळहळ हमखास ऐकू येते: दुकानांनी वाडे खाल्ले. मला हे मान्य नाही. पेठ या शब्दाचा अर्थच बाजार. कसब्याभोवती एकेक पेठ वसली ती व्यापारी यावेत, कारागीर यावेत, उदीम वाढावा म्हणून. येऊन राहणाऱ्याला काही वर्षं करात सूट देणारा कौल मिळायचा, पेठेचे शेटे-महाजन असायचे, त्यांच्याकडे बाजाराची व्यवस्था असायची. म्हणजे या शहराची वीण बाजाराच्या धाग्याने झाली आहे. तुळशीबागेचं राममंदिर बांधायला घेतलं १७६१ मध्ये. आज त्याच्या भोवतीचा बाजार बघायला बाहेरगावची माणसं येतात, आणि त्यातली निम्मी देवळात डोकावतातसुद्धा. नाना फडणविसांच्या बेलबागेत जायचं तर दुकानांच्या रांगेतून वाट काढावी लागते. तेव्हा खालच्या मजल्यावर दुकान असणं हा वाड्याचा अपमान नाही. रस्त्यालगतच्या अनेक वाड्यांचा तोच मूळचा किंवा लवकरच अंगवळणी पडलेला संसार आहे.

इथे 'वाडा' म्हणजे शनिवारवाड्यासारखा नऊ बुरुजांचा राजवाडा डोळ्यांपुढे आणू नये. मी बोलतो आहे ते पेठेतल्या साध्या वाड्यांबद्दल. रस्त्याकडे तोंड निरुंद, आत खोली भरपूर. डावी-उजवीकडची भिंत बहुधा शेजाऱ्याशी सामाईक. असे वाडे खांद्याला खांदा लावून उभे राहतात, तेव्हा आळी तयार होते. पुढे ओटा, मग दिंडी किंवा साधा दरवाजा, मग चौक, चौकाभोवती ओसरी-पडवी, माजघर, मागे परसू, आड किंवा हौद. वर माडी. जिना अरुंद, उभा, बऱ्याचदा जाड भिंतीतच बसवलेला. खाली दगडी जोतं, वर लाकडाचा सांगाडा आणि त्याच्या मध्ये विटा-मातीची भिंत, बाहेरून चुन्याचा गिलावा.

या बांधणीचं गणित कळलं तर वाड्याचं दुकान इतक्या सहजी का होतं तेही कळतं. मोजमाप खणाचं. दोन खांबांमधलं साधारण पाच-सहा फुटांचं अंतर म्हणजे एक खण. 'आमचं बिऱ्हाड दोन खणांत होतं' असं जुनी माणसं अजून म्हणतात. वरचा सगळा भार कड्यांवरून, म्हणजे जमीन पेलणाऱ्या लहान वाशांवरून, तुळईवर, तुळईवरून हस्ताच्या मदतीने खांबावर आणि खांबावरून तळखड्यात उतरतो. दोन खांबांमधली भिंत बरीचशी पडद्यासारखी असते. ती काढली तरी वरचा मजला जागचा हलत नाही. म्हणून रस्त्याकडच्या ओसरीचे खण उघडायचे, ओट्यावर माल मांडायचा, की दुकान झालं. खण हाच गाळा झाला. काहीही न मोडता घराला बाजारात उभं राहता येईल, अशी सोय त्या सांगाड्यातच होती. आज वास्तुविशारद ज्याला बहुउपयोगी रचना म्हणतात ती पेठेतल्या सुतार-गवंड्यांनी नकाशा न काढता साधली होती, आणि तिचं कौतुक आपण फारच कमी केलं आहे.

मला आठवतं, आमच्या वाड्याच्या पुढच्या दोन खणांत किराण्याचं दुकान होतं. त्याला शटर नव्हतं. खाचेत बसणाऱ्या उभ्या फळ्या होत्या, प्रत्येकीवर खडूने नाही तर कोरून आकडा घातलेला. सकाळी दुकानदार काका एकेक फळी काढून आत नेऊन ठेवायचे आणि रात्री त्याच क्रमाने लावायचे. सातव्या फळीला आडणा होता. त्या फळ्या लावताना होणारा ठोक-ठोक आवाज ऐकला की आई म्हणायची, नऊ वाजले, पानं घ्या. फळी लावायला खांब लागतो, कारण खाच खांबालाच असते. फळ्या होत्या तोवर खांबाला दुकानात काम होतं.

मग शटर आलं. शटरला एक मोठा मोकळा गाळा हवा असतो आणि वर गुंडाळीला दीड-एक फुटाची पेटी. पेटी नेमकी हस्तावर आणि तुळईवर बसते, म्हणून कोरीव काम झाकलं जातं. मोकळ्या गाळ्यासाठी मधला खांब नकोसा होतो, म्हणून तो कापला जातो. कापलेल्या खांबाचा भार गर्डरवर येतो आणि गर्डरची दोन टोकं टेकतात ती बाजूच्या माती-विटांच्या भिंतीवर, जिच्यावर एवढा भार एका जागी यावा असं कोणी कधी ठरवलेलं नव्हतं. त्यात भिंत 'पक्की' दिसावी म्हणून चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला जातो. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडते. कोंडलेली ओल भिंतीतल्या लाकडाला लागते, मागून वाळवी येते. बाहेरून चकाचक दिसणारा वाडा आतून पोखरत जातो, आणि मग एके दिवशी जोराच्या पावसात तो 'अचानक' पडतो. वर्तमानपत्रात वयाचा उल्लेख येतो: शंभर वर्षं जुना वाडा कोसळला. खांब किती वर्षांपूर्वी कापला होता, ते कोणी छापत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की दुकानाने वाडा मोडत नाही, दुकान करण्याच्या एका विशिष्ट पद्धतीने मोडतो. आणि दुकान काढून टाकलं तर वाडा वाचेल, या समजात काही अर्थ नाही. उलट माझ्या पाहण्यात जे वाडे आज उभे आहेत, त्यांतले बरेचसे दुकानांमुळेच उभे आहेत. जिथे रोज शटर उघडतं तिथे निदान कौलातून गळणारं पाणी कोणाच्या तरी मालावर पडतं, आणि कोणीतरी शिडी लावून वर चढतो. नुसतं कुलूप असलेल्या वाड्यात पिंपळ रुजतो आणि भिंत फुटेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

वाडा मरतो तो वरून. खाली गर्दी, रोषणाई, दसरा-दिवाळीची झुंबड. वरच्या दोन मजल्यांवर अंधार, कबुतरं आणि जुनी खोकी. वरची बिऱ्हाडं गेली की छपराची काळजी घेणारं उरत नाही. पहिल्यांदा कौलं सरकतात, मग वासे कुजतात, मग माडीची जमीन. दुकानदार आपल्या पोटमाळ्याच्या वर पत्रा ठोकून घेतो आणि त्याच्यापुरता प्रश्न मिटतो. पेठेतले कित्येक वाडे आज असे आहेत की तळमजला एकविसाव्या शतकात आहे आणि माडी कधीच सोडून दिलेली आहे. घर आणि दुकान हे जे एकमेकांना धरून होतं त्यातलं घर निखळलं.

ते का निखळलं, याची कारणं भावनेत नाहीत, कायद्यात आहेत. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्ध आणि फाळणीनंतरच्या त्या काळात घरमालकांनी अडवणूक करू नये हा हेतू योग्यच होता. आमच्यासारख्या शेकडो कुटुंबांना त्याच कायद्याने शहरात राहता आलं, शिकता आलं; ते मी विसरणार नाही. पण तात्पुरता म्हणून आणलेला बांध पन्नास वर्षं तसाच राहिला. भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. आम्ही वाडा सोडला तेव्हा आमचं भाडं महिना अठरा रुपये होतं. अठराचे चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे. त्यात एक कौलसुद्धा येत नाही.

याच कायद्याने बँका आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भांडवलाच्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या, आणि पागडीला, म्हणजे जागेच्या ताब्यासाठी घेतल्या जाणाऱ्या एकरकमी पैशाला, मान्यता दिली. हे मला महत्त्वाचं वाटतं. सरकारने एकदा मान्य केलेलं आहे की सगळे भाडेकरू सारखे नसतात. मग पेठेत हा फरक पुढे का नेला नाही? लक्ष्मी रस्त्यावर सणाच्या आठवड्यात जोरात गल्ला करणारं दुकान आणि त्याच वाड्याच्या माडीवर पेन्शनवर राहणाऱ्या आजी, दोघांना एकच चार टक्के. दुकानाची पागडी लाखांत हातोहात फिरते आणि मालकाच्या हातात पडतं ते जुनं भाडं. मालक दुरुस्ती करत नाही, कारण त्याला परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर वाडा पडावा अशी त्याची इच्छाही असते. भाडेकरू जागा सोडत नाही, कारण एकदा बाहेर पडलं की ताबा गेला अशी त्याची खात्री असते. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घ्यायची आणि काम झाल्यावर ती त्याच भाडेकरूला परत द्यायची, अशी तरतूद कायद्यात आहे. तिच्यावर विश्वास ठेवणारं माणूस मात्र मला पेठेत भेटलेलं नाही. मग दोघंही वाट बघत बसतात, आणि वाट बघण्याचं भाडं वाडा भरतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. आमच्या मजल्यावर सहा बिऱ्हाडांना दोन संडास होते, तेही चौक ओलांडून मागे. पाणी ठरलेल्या वेळी. आईचे गुडघे त्या उभ्या जिन्याने गेले. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर माती हाताला यायची. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यापुढे वाड्याचे गोडवे गाऊ नयेत. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांच्या नोटिसा काढते आणि त्या नोटिशीखालीच माणसं झोपतात. मग कोणी विचारलं की "तुम्ही स्वतः फ्लॅटमध्ये राहता आणि आम्ही मात्र खांब जपत बसायचं का?" तर त्याचा राग रास्त आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. हा वारसा कोणाचा? चौकापर्यंत कोण येणार, ओट्यावरून कोणाला परत जावं लागणार, हे वाड्याची रचनाच ठरवत होती. पेशवाईतल्या पुण्याची ती बाजू झाकून वाड्यांचं गुणगान करणं मला जमणार नाही. पण त्याच कारणासाठी मला पेठेतला दुकानांचा वाडा निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून बोहरी आळीपर्यंत जसाच्या तसा वाचायला हवा आहे. सरदारांचे आणि मुत्सद्द्यांचे वाडे कागदावर तरी वाचतात. तांबट, कासार, शिंपी, बोहरी व्यापारी, पुस्तकवाले, यांनी जी घरं-दुकानं एकत्र चालवली ती यादीत कुठे असतात? वारसा यादीत नाव लागतं ते थोर माणसाच्या जन्मामुळे किंवा मुक्कामामुळे. शंभर वर्षं रोज सकाळी फळ्या काढणाऱ्याच्या घराला श्रेणी मिळत नाही.

भिडे वाड्याची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. पुढे त्याच्या तळमजल्यावर दुकानं आली. राष्ट्रीय स्मारक व्हावं म्हणून जागेचा प्रश्न निघाला आणि महापालिका एका बाजूला, मालक-गाळेधारक दुसऱ्या बाजूला, असा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो संपला आणि डिसेंबरमध्ये वाडा पाडला. स्मारक व्हायलाच हवं, ते कधीच व्हायला हवं होतं. पण वाद चालू होता त्या सगळ्या वर्षांत त्या इमारतीला कोणी हात लावला नाही. गाळेधारकाने लावायचा तर जागा जाणार, पालिकेने लावायचा तर जागा तिची नाही, मालकाने लावायचा तर कशासाठी? निकाल लागला तोवर वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. ज्या खोल्यांत त्या मुली बसल्या, त्या खोल्यांची उंची किती होती, उजेड कुठल्या खिडकीतून यायचा, जिना केवढा होता, हे आता नव्या इमारतीत कोणालाही अनुभवता येणार नाही. खाली दुकानं आणि वर शाळा असं दोन्ही एका छपराखाली नीट नांदवण्याचा रस्ता आपल्याकडे असता, तर 'दुकानं किंवा स्मारक' अशी निवड करायची वेळच आली नसती.

नियमांचा गोंधळ बघा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण, असं २०१० च्या दुरुस्तीने ठरवलं. त्यामुळे शनिवारवाड्याभोवतीच्या घरांना नवं काही बांधणं जवळपास अशक्य, दुरुस्तीलाही दिल्लीतल्या प्राधिकरणाच्या परवानगीचा फेरा. तिथून थोडं पुढे आलं की चित्र उलट होतं. मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी स्थानकं सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, आणि स्थानकापासून ५०० मीटरच्या आत चारपर्यंत चटईक्षेत्र, म्हणजे जागेच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचं धोरण आहे. नकाशावर दोन वर्तुळं काढून पाहा, जुन्या बाजारपेठेचा फार थोडा भाग बाहेर राहतो. म्हणजे एका मोठ्या वाड्याच्या सावलीत खिळा मारायला बंदी, आणि त्याच काळाच्या हजारो लहान वाड्यांना पडण्याचं बक्षीस. वारसा म्हणजे एकटी उभी असलेली भव्य वास्तू, ही समजूत या दोन्ही नियमांच्या मुळाशी आहे. पेठेचा वारसा एकटा उभा राहतच नाही. तो रांगेत उभा राहतो.

सामाईक भिंत हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मधला एक वाडा पाडून तळघरासाठी खोल खोदलं की शेजारच्या दोघांचा आधार जातो. एक दात पडला की बाजूचे हलायला लागतात, तसंच. मग शेजारच्यांना लोखंडी टेकू लागतात, भेगा पडतात, धोकादायक असल्याची नोटीस त्यांच्या दारावर येते, आणि जो कारणीभूत झाला त्याची इमारत मात्र नवी कोरी. नवीन इमारतीने बाजूला अंतर सोडावं हा नियम बंगल्यांच्या वसाहतीत शहाणपणाचा आहे. पेठेत त्या अंतराने तयार होते ती एक अंधारी बोळ, जिथे कचरा आणि एसीचं पाणी साठतं, आणि रांग कायमची तुटते. पंधरा फुटी तोंडाच्या वाड्याने दोन्हीकडे अंतर सोडलं तर उरेल किती, म्हणून मालक शेजारचे वाडे एकत्र करायला बघतो. पाच वाड्यांची एक इमारत होते, पाच दुकानांऐवजी एक मोठं दालन येतं. आळीचा घाट असा जातो.

जयपूरच्या बाजारपेठांकडे पाहावं. तिथे १७२७ पासून शहर आखतानाच मुख्य रस्त्यांच्या कडेने दुकानांच्या सलग रांगा बांधल्या, मागे आणि वर हवेल्या. तिथेही गर्दी आहे, अतिक्रमणं आहेत, वरचे मजले तिथेही उदास झाले आहेत. पण दुकानाचा दर्शनी भाग ही एकट्या दुकानदाराची बाब नसून रस्त्याची आहे, हे तत्त्व तिथे रुजलं आहे. रंग एक, पाट्यांची शिस्त एक. धंदा काही त्याने बुडाला नाही. दुसरं उदाहरण इशाऱ्याचं. मलेशियातल्या जॉर्ज टाउनमध्ये खाली दुकान आणि वर घर अशा सामाईक भिंतींच्या घरांच्या रांगाच रांगा आहेत. तिथला भाडेनियंत्रण कायदा २००० च्या सुरुवातीला एकदम उठला. पिढ्यानपिढ्या राहणारी कितीतरी कुटुंबं आणि छोटे कारागीर त्या झटक्यात बाहेर गेले. २००८ मध्ये शहर जागतिक वारसा यादीत आलं, घरं वाचली, रंगली; अनेक घरांत आता हॉटेलं आणि कॅफे आहेत. भिंती राहिल्या, माणसं गेली. पुण्याला हे नको आहे.

मग हवंय काय? पहिली गोष्ट, पालिकेने एकेकटे वाडे मोजणं थांबवून आळ्या मोजाव्यात. कुठल्या आळीत सलग किती तोंडं अजून शाबूत आहेत, कुठे लाकडी सांगाडा आहे, कुठे खांब कापलेले आहेत, वरचे मजले रिकामे की राहते, याची घरोघरी जाऊन पाहणी. आपल्या शहरात वास्तुकलेची महाविद्यालयं कमी नाहीत. दोन उन्हाळ्यांचं काम आहे. ते होईपर्यंत त्या आळ्यांमध्ये चारचं चटईक्षेत्र देऊ नये. ज्यांचा हक्क त्यामुळे अडतो त्यांना तो टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे नेता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, रूपाने बाहेर वापरू द्यावा, आणि तो टीडीआर मिळण्याची अट एकच असावी: आधी छप्पर आणि सांगाडा दुरुस्त करून दाखवा.

भाड्याचं म्हणाल तर मी दुकानदारांना न आवडणारी गोष्ट सांगतो. तळमजल्याच्या गाळ्यांचं भाडं दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने बाजाराजवळ यायला हवं. वरच्या राहत्या बिऱ्हाडांचं संरक्षण तसंच राहावं. पण वाढलेलं भाडं सगळं मालकाच्या खिशात जाता कामा नये. त्यातला ठरलेला हिस्सा त्या वाड्याच्या दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जावा, आणि पैसा निघावा तो मालक, दुकानदार आणि वरचा भाडेकरू, तिघांच्या सहीने. खालचा बाजार वरचं छप्पर सांभाळेल. पूर्वी वाड्याचा कर्ता हेच करत होता, पुढच्या खणाचं भाडं घेऊन मागची भिंत लिंपून घेत होता.

दुरुस्तीच्या काळात भाडेकरूला पालिकेनेच नोंदवलेला ताबा-दाखला मिळावा, म्हणजे सहा महिने बाहेर गेल्याने हक्क जात नाही हे त्याला कागदावर दिसेल. वर संडास-मोरी घालणं, जिना थोडा सुसह्य करणं, विजेच्या तारा बदलणं, यासाठी परवानगी आठवड्यात मिळावी. माडीवर माणूस राहायला हवा असेल तर त्याला एकविसाव्या शतकात राहू द्या. आणि उलट, खांब, तुळई किंवा सामाईक भिंत यांना हात लावायचा तर स्थापत्य अभियंत्याच्या सहीशिवाय ते होता कामा नये, मग काम कितीही लहान असो. शटर हवं तर ते खांबामागून, आतल्या बाजूने बसवता येतं. पाटी हस्ताखाली लावता येते. यात खर्च थोडा वाढतो, गाळ्याची खोली फूटभर कमी होते. तेवढं मागायचा शहराला अधिकार आहे, कारण त्या दुकानाला गिऱ्हाईक मिळतं ते पेठेमुळे.

आणखी एक, लाकडाचं काम जाणणारे सुतार आणि चुन्याचं काम जाणणारे गवंडी. ते झपाट्याने संपत आहेत. भाऊंच्या सुताराला खांब काढता येतो, सांधता येत नाही. त्याला ते कोणी शिकवलेलंच नाही. कुजलेलं बूड कापून तिथे नवं लाकूड जोडणं, चुना भिजत घालून मुरवणं, हे हाताचं कसब शिकवणारी एक कार्यशाळा मंडईच्या आसपास चालली तर तिच्यावर होणारा खर्च एका उड्डाणपुलाच्या तुलनेत कुठेच नाही.

भाऊंकडे मी पंधरा दिवसांनी परत गेलो. ओळखीतल्या एका अभियंत्याला बरोबर नेलं होतं. त्यांनी तुळईवर ठोकून पाहिलं, टॉर्च लावून हस्त पाहिला, मग जिना चढून माडीवर जाऊन आले. त्यांचा सदरा कोळिष्टकांनी भरला होता. म्हणाले, खांब ठणठणीत आहे, पण वरच्या दोन वाशांना पाणी लागलंय, ते आधी बघा. भाऊ म्हणाले, "वर मालकांची जागा. कुलूप त्यांचं. मी कसा हात लावू?" मग त्यांनी सुताराला बोलावून शटरचं माप खांबाच्या आतून घ्यायला सांगितलं. वह्यांचे रॅक दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट कमी करावे लागले. खांबाला आता सनमायका नाही, नुसतं तेल लावलं आहे. जूनमध्ये शाळकरी मुलं रांगेत उभी असतात तेव्हा त्याला टेकून उभी राहतात. वरच्या वाशांचं अजून काही झालेलं नाही.